मरुभूमीतील जैसलमेर : महाराष्ट्राच्या ठेव्याचेही रक्षण करणारी नगरी

नवी मुंबईत स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ गाव राजस्थानात आहे. येथेच जन्मलेल्या नव्या पिढीला मात्र राजस्थान म्हणजे किल्ले, उंट आणि वाळूच्या टेकड्या एवढीच ओळख असते. त्या राज्याच्या पश्चिम टोकाला वसलेल्या जैसलमेर नगरीने महाराष्ट्राच्या भाषेची आणि इतिहासाची मोलाची साधने शतकानुशतके सांभाळली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

राज्याचे स्वरूप

राजस्थानचे क्षेत्रफळ 3,42,239 चौरस किलोमीटर आहे. 2000 साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले आणि तेव्हापासून राजस्थान हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राज्य ठरले. जयपूर, जोधपूर, बिकानेर आणि जैसलमेर ही संस्थाने सामील झाल्यावर 30 मार्च 1949 रोजी बृहद् राजस्थान अस्तित्वात आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याची रचना पूर्ण झाली. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 6.85 कोटी होती.

अरवली पर्वताची रांग राज्याला तिरकी छेदून जाते. ही रांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांना आडवी नसून जवळजवळ समांतर असल्यामुळे ते वारे अडत नाहीत आणि पश्चिमेचा प्रदेश कोरडा राहतो. तेच थरचे वाळवंट. एकटा जैसलमेर जिल्हा 38,401 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक अष्टमांश आहे. परंतु 2011 मध्ये तेथे दर चौरस किलोमीटरला केवळ 17 माणसे राहत होती.

नगरीचा उदय आणि उतार

1156 साली भाटी वंशाच्या रावल जैसल यांनी लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला उभारला. पिवळ्या वालुकाश्माचा हा किल्ला उन्हात सोन्यासारखा चमकतो, म्हणून तो ‘सोनार किल्ला’ या नावाने प्रसिद्ध झाला. आजही त्याच्या तटाच्या आत वस्ती आहे. 2013 साली राजस्थानातील अन्य पाच डोंगरी किल्ल्यांसह त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

या भूमीत पाणी नव्हते, म्हणून पाण्याची शिस्त निर्माण झाली. चौदाव्या शतकातील गडीसर तलावाने शहराची तहान भागविली. पालीवाल ब्राह्मणांनी उताराच्या जमिनीला बांध घालून, पावसाचे वाहते पाणी अडवून त्या ओलीवर पीक घेण्याची ‘खडीन’ पद्धत रूढ केली. सिंध आणि त्यापलीकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांचा मार्ग येथून जात असल्यामुळे व्यापारही वाढला. एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या पटव्यांच्या पाच हवेल्या त्या वैभवाची साक्ष देतात. पुढे मुंबई बंदराचा उत्कर्ष झाला, माल जहाजांनी आणि रेल्वेने जाऊ लागला आणि तांड्यांचा व्यापार ओसरला. 1947 च्या फाळणीने सिंधकडील वाटही बंद झाली.

ज्ञानभांडार

व्यापार गेला, तरी एक संचय मागे राहिला. किल्ल्यातील जैन मंदिरसमूहात, संभवनाथ मंदिराच्या तळघरात, पंधराव्या शतकात खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांच्या प्रेरणेने ग्रंथभांडार स्थापन झाले. जालोर, नागौर, पाटण आणि महाराष्ट्रातील देवगिरी येथेही त्यांनी भांडारे स्थापल्याची परंपरा आहे. कोरडी हवा, दुर्गम वाट आणि श्रावकांची निगराणी या तिन्ही गोष्टी जैसलमेरला लाभल्या. तेथे आगमग्रंथांबरोबर काव्य, न्याय, व्याकरण यांवरील ग्रंथही जपले गेले; त्यांत जैनेतर ग्रंथकारांच्या कृतीही आहेत.

1874 मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील अभ्यासक गेओर्ग ब्यूलर हे हर्मान याकोबी यांच्यासह येथे आले. त्यांना बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरित’ या महाकाव्याची ताडपत्री प्रत सापडली. दख्खनवर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचे (सहावा) हे चरित्र पुढच्याच वर्षी मुंबईहून प्रसिद्ध झाले.

दुसरा ग्रंथ मराठी भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. उद्द्योतनसूरींनी जालोर येथे शके 700 सरण्यास एक दिवस उरला असता, म्हणजे इ. स. 779 मध्ये, ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात बाजारपेठेत जमलेल्या नाना देशींच्या व्यापाऱ्यांचे वर्णन असून प्रत्येकाच्या बोलीचा नमुना दिला आहे. त्यांत मरहट्ट व्यापारीही आहे. त्याच्या तोंडचे देण्याघेण्याचे शब्द मराठीच्या घडणीचा जुना पुरावा म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी मानले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे पुण्याची कागदी प्रत आणि जैसलमेरची ताडपत्री प्रत होती. मूळ संहिता 1959 मध्ये मुंबईच्या सिंघी जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला. दोहोंच्या नात्याचा हा दस्तऐवज वाळवंटातील तळघरात सुरक्षित राहिला होता.

रक्षणाचे उत्तरदायित्व

भांडार बंद ठेवल्याने ग्रंथ वाचतात, पण ज्ञान वाचत नाही. हे जाणून मुनिश्री पुण्यविजयजी यांनी 1950 च्या सुमारास जैसलमेरला मुक्काम करून पोथ्यांची व्यवस्था लावली. त्यांनी केलेली सूची 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर मुनिश्री जंबूविजयजी यांनीही तेथील ताडपत्रांच्या संशोधनासाठी परिश्रम घेतले.

किल्ल्यापुढे आज निराळे संकट आहे. थोड्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीसाठी बांधलेल्या टेकडीवर नळाचे पाणी आले, पर्यटन वाढले आणि सांडपाणी पायात मुरून तट व बुरूज खचू लागले. 1996 मध्ये जागतिक स्मारक निधीने संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत त्याची नोंद केली. जेथे थेंब थेंब जपला गेला, तेथे वाया जाणाऱ्या पाण्यानेच धोका निर्माण व्हावा, हे विचार करण्याजोगे आहे.

ताडपत्री पोथ्यांच्या अखेरीस, ती लिहवून घेण्यासाठी द्रव्य देणाऱ्या श्रावक-श्राविकांची नावे प्रशस्तीत आढळतात. त्यांच्या पेढ्या आज उरलेल्या नाहीत. त्यांनी लिहवून घेतलेले ग्रंथ उरले आहेत. महाराष्ट्रातील अनेक मंदिरांत आणि घरांत आजही जुन्या पोथ्या, चोपड्या व पट कापडात बांधून ठेवलेले असतात. ज्ञानपंचमीला त्यांचे पूजन होते. त्याच दिवशी त्या उघडून, स्वच्छ करून, त्यांची यादी व छायाचित्रे करून ठेवली, तर जैसलमेरच्या परंपरेचे ते खरे अनुसरण होईल.