विज्ञानाचे डोके, कलेचे डोके : एका समजुतीचा इतिहास

‘माझे डोके गणिताचे नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. कदाचित स्वतःही म्हटले असेल. वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी खरोखर वेगळा विचार करतात का? करत असतील, तर आधी काय येते, स्वभाव की शाखा? या प्रश्नाचा मागोवा आपण इंग्लंडच्या उदाहरणातून घेऊ.

मे १९५९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सी. पी. स्नो यांनी ‘दोन संस्कृती’ हे व्याख्यान दिले. ते वैज्ञानिक होते, तसेच कादंबरीकारही. साहित्यिक आणि वैज्ञानिक यांच्यातील संवाद तुटला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेतच फार लवकर होणारी विषयनिवड हे त्यांना यामागचे एक मोठे कारण वाटले.

पुढे मानसशास्त्रज्ञ लिअम हडसन यांनी शाळेच्या वरच्या वर्गांतील हुशार मुलांच्या चाचण्या घेतल्या. त्यांत ‘विटेचे किती उपयोग सांगता येतील?’ असे प्रश्न होते. एकच अचूक उत्तर शोधण्यात तरबेज असलेली अभिसारी विचारांची मुले बहुधा भौतिक विज्ञानाकडे गेलेली दिसली. अनेक उत्तरे सुचणारी अपसारी विचारांची मुले बहुधा साहित्य-इतिहासाकडे. जीवशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र यांत मात्र दोन्ही प्रकारची मुले होती. हे निष्कर्ष १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आले.

गोष्ट इथे संपत नाही. नंतर हडसन यांनी मुलांना दुसऱ्याची भूमिका घेऊन उत्तरे द्यायला सांगितले. ‘तू मनमौजी चित्रकार आहेस’ असे गृहीत धरताच अभिसारी मुलांनाही भराभर उपयोग सुचू लागले! १९६८ च्या पुस्तकात त्यांनी हे मांडले. म्हणजे क्षमता होती. ‘आपण त्यातले नाही’ या समजुतीने ती झाकली गेली होती.

अर्थात, हा अभ्यास इंग्लंडमधील मुलांपुरताच होता. त्यात मुली नव्हत्या. म्हणून त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. तरी एक धडा घेता येतो. शाखांमधला फरक दिसतो म्हणून तो जन्मजात ठरत नाही. निवड, सवय आणि इतरांच्या अपेक्षा यांनीही तो घडतो.

आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडताना तुम्हाला कोणते लेबल मिळाले? ते कोणी लावले आणि त्यामुळे तुम्ही काय करून पाहिलेच नाही, याचा विचार करा.