फाटकावर अडलेली फाइल

आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण त्याचे मूळ इतिहासात आहे.

प्रसंग अनेकांच्या ओळखीचा असेल. ऑफिसातून दूरच्या सर्व्हरवर फाइल पाठवायची असते. एफटीपीचा प्रोग्राम उघडतो, नाव आणि पासवर्ड देतो, सर्व्हर आत घेतो. मग तिथल्या फाइलींची यादी मागितली की सगळे थिजते. थोड्या वेळाने जोडणी तुटल्याची सूचना येते. पासवर्ड चुकला असता तर दारातच अडवले असते. मग आत बोलावून ताटकळत ठेवण्याचा हा काय प्रकार?

त्यासाठी १९७१ सालात जावे लागते. एफटीपी म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर त्या वेळी मोजकीच विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. बहुतेक सगळे एकमेकांना ओळखत. शेजाऱ्याकडे जाताना कडी वाजवायची गरज नव्हती.

त्या वातावरणात एफटीपीची घडण झाली आणि त्यात दोन वेगळ्या जोडण्या आल्या. एक हुकूम देण्या-घेण्याची, दुसरी प्रत्यक्ष माल वाहण्याची. ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी जे प्रमाण-लेखन केले, त्यातही हीच रचना कायम राहिली. हुकमाची जोडणी सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर आपण करतो. माल न्यायची वेळ आली की आपला संगणक सर्व्हरला कळवतो, "मी अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर थांबलो आहे." मग सर्व्हर आपल्या २० क्रमांकाच्या पोर्टवरून उलट आपल्याकडे जोडणी करतो. या पद्धतीला अॅक्टिव्ह मोड म्हणतात. यात दुसरी हाक बाहेरून आत येते, हे लक्षात ठेवा. सगळे घोडे तिथेच अडते.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म इंटरनेटभर पसरला. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. फायरवॉलची कल्पना त्याच सुमारास आकार घेत होती. या घटनेनंतर तिची निकड सगळ्यांना पटली. फायरवॉलचा मूळ नियम साधा आहे: आतल्याने बाहेर हाक मारली तर उत्तर आत येऊ द्या, बाहेरच्याने आपणहून हाक मारली तर अडवा. कोणत्याही छावणीच्या फाटकावरचा संत्री हेच करतो.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एफटीपीचा सर्व्हर पाहुणा म्हणून उलट आपल्या फाटकाशी येतो आणि संत्री त्याला ओळखत नाही. एफटीपी आपल्या नियमाने बरोबर वागते, फायरवॉलही आपल्या नियमाने बरोबर वागते. एक विश्वासाच्या काळात घडली, दुसरी संशयाच्या काळात.

फेब्रुवारी १९९४ मध्ये बेल लॅब्जच्या स्टीव्हन बेलोव्हिन यांनी यावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्यांनी नवे काही शोधले नाही. एफटीपीत पॅसिव्ह नावाचा हुकूम आधीपासून होता. दोन सर्व्हरनी आपापसात फाइल द्यावी आणि आपण तिसऱ्या जागेवरून सूत्रे हलवावीत, अशा कामी तो पडे. त्यात सर्व्हर स्वतः हाक मारत नाही, आपण कुठे थांबलो आहोत एवढे सांगतो. बेलोव्हिन म्हणाले, प्रोग्रामांनी नेहमी हाच हुकूम वापरावा. मग दोन्ही जोडण्या आतून बाहेर जातील आणि संत्री हरकत घेणार नाही.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा फाटके उभी राहिलेली होती. तो मोकळ्या दारांचा जुना काळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाच नाही. म्हणून ही अडचण आपल्याला कोड्यासारखी वाटते.

पॅसिव्हनेही सगळे सुटले नाही, कारण आता सर्व्हरच्या फाटकावर प्रश्न उभा राहिला. सर्व्हर पॅसिव्हच्या उत्तरात २२७ हा सांकेतिक क्रमांक आणि सहा आकडे देतो. पहिले चार पत्त्याचे, शेवटचे दोन पोर्टचे. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा: १९५ आणि ८० आले तर पोर्ट ५००००. पत्ता १९२.१६८ ने सुरू झाला तर समजा की सर्व्हर आपला घरगुती पत्ता बाहेरच्याला सांगतो आहे. घरातल्या खोलीच्या नंबरावर टपाल कसे पोहोचणार? सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता भरावा लागतो आणि पॅसिव्हसाठी पोर्टांचा ठरावीक पट्टा फायरवॉलमध्ये उघडावा लागतो.

हुशार फायरवॉल हे आकडे वाचून तेवढेच पोर्ट तेवढ्यापुरते उघडत. पण २००५ मध्ये एफटीपीवर टीएलएसचे कुलूपबंद आवरण घालण्याची रीत प्रमाण झाली आणि संत्रीला चिठ्ठी वाचता येईना. साधी एफटीपी चालते, सुरक्षित एफटीपी अडते, याचे कारण बहुधा हेच. इथेही उपाय ठरावीक पोर्टांच्या पट्ट्याचाच.

आणखी एक खूण सांगतो. मोठी फाइल पूर्ण पोहोचते, पण प्रोग्राम शेवटी लटकतो. माल वाहत असताना हुकमाची जोडणी गप्प असते. ती मेली असे समजून फायरवॉल तिला यादीतून काढते. तिथे फायरवॉलची मुदत वाढवावी किंवा अधूनमधून हाक देण्याची सोय चालू करावी.

म्हणजे तपासाचा क्रम असा. दारातच उत्तर नसेल तर २१ क्रमांकाचे पोर्ट पाहा. ५३० आले तर नाव-पासवर्ड पाहा. आत जाऊन यादीवर थिजले तर अॅक्टिव्ह की पॅसिव्ह ते पाहा, मग २२७ मधला पत्ता, मग पोर्टांचा पट्टा. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा: हाक कोण कोणाला मारतो आहे?

नवी व्यवस्था उभारायची असेल तर एसएफटीपी घ्या. नाव सारखे असले तरी तिचे कूळ वेगळे, एसएसएचचे. फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. एसएफटीपीत हुकूम आणि माल एकाच जोडणीतून, कुलूपबंद, सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. फाटकावर वादच होत नाही. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी एफटीपीला निरोपही दिला.

पण जुनी यंत्रे आणि जुनी कार्यालये एवढ्यात बदलणार नाहीत. तिथे अडचण आली की कोणीतरी सल्ला देतोच, "फायरवॉल बंद करा, चालू होईल." चालू होईल हे खरे, आणि घात तिथेच आहे. काम झाल्यावर ती पुन्हा चालू करायची आठवण कोणालाही राहत नाही. एका फाइलसाठी सगळी छावणी उघडी पडते. पाहुणा अडला म्हणून संत्रीला हटवायचे नसते. कोण येणार, कोणत्या फाटकाने येणार, हे त्याच्या वहीत नीट लिहून द्यायचे असते. जय हिंद.