पिवळ्या चौकटीतून पुढे : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची वाटचाल

१८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम जगभर विक्रीला आला. तो तयार झाला होता पुण्यात. पण स्विच हे यंत्रच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेले नव्हते. परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा चढ्या भावाने आयात करून ज्यांनी ते मिळवले होते, तेवढ्यांनाच आपल्याकडे हा गेम पहिल्या दिवशी खेळता आला. पुणे, मुंबई काय किंवा आपले छत्रपती संभाजीनगर काय, बाकीच्यांना 'राजी' आधी कळला तो समीक्षकांच्या गुणांतून. कोणी सहा दिले, कोणी आठ, आणि सरासरी कुठे जाऊन थांबली, एवढीच ती ओळख.

दोन महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, तो प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि संगणकावर आला. तोवर त्याच्यावर शिक्का बसून गेला होता. त्या शिक्क्याचे या स्टुडिओने पुढे काय केले, हा या वाटचालीतला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

तिघांची सुरुवात

नॉडिंग हेड्स गेम्सचे संस्थापक तिघे. गेमची रचना पाहणारे अविचल सिंह, चित्रकार श्रुती घोष आणि विकासाचे काम सांभाळणारे इयान मॉड. २०१७ च्या सुमारास त्यांनी पुण्यात हे दुकान मांडले. पुण्यात गेमचे काम तेव्हाही होत होते. पण त्यात परदेशी कंपन्यांची कामे करून देणे आणि मोबाइलवरचे फुकट गेम यांचाच भरणा होता. स्वतःची कथा आणि स्वतःचे पात्र घेऊन कन्सोलवर उतरणारे स्टुडिओ साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान : बॉय वॉरियर' काढला होता, पण समीक्षकांनी त्याला दारात उभे केले नाही. म्हणजे पुढे पाहून चालावे अशी पायवाटही नव्हती.

राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. दोरावर चालणे, कोलांट्या मारणे हे तिचे रोजचे. असुरांच्या हल्ल्यात धाकटा भाऊ गोलू पळवला जातो आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिच्या हाती त्रिशूल देते. पुढे धनुष्य येते, ढाल-तलवार येते. कथा सांगणारे आवाज दुर्गेचे आणि विष्णूचे. त्या दोघांच्या संवादातूनच राजीच्या कुवतीबद्दलची शंका आणि विश्वास आपल्याला ऐकू येतो. वाडे, कमानी, जाळ्या राजस्थानी वळणाच्या, रंगसंगती पहाडी लघुचित्रांच्या अंगाने जाणारी, आणि मधले कथाप्रसंग छाया-बाहुल्यांच्या रूपात. संगीत मात्र लिनोस त्झेलिओस या ग्रीक संगीतकाराचे.

या सगळ्याला पैसा लागतो. २०१७ मध्येच स्टुडिओने किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले. ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की पूर्ण रक्कम जमली नाही तर हाती काहीच पडत नाही. काम बंद पडू नये म्हणून श्रुती घोष यांनी आपले राहते घर विकले. एपिक कंपनीच्या अनरिअल इंजिनवर हा गेम बनत होता, त्या कंपनीच्या अनुदानाचाही हातभार लागला. पुढे प्रकाशक मिळाला, निन्टेन्डोच्या नव्या गेमच्या सादरीकरणात जागा मिळाली, आणि त्याच दिवशी गेम विक्रीला गेला.

गुण देणाऱ्यांची घडण

'राजी'ला जी परीक्षा द्यावी लागली, तिची घडण चाळीसेक वर्षांची आहे. जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या 'फामित्सू' या नियतकालिकाने गुणांची एक साधी रीत रुळवली. एक गेम चार समीक्षकांनी वेगवेगळा खेळायचा, प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या, दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज चाळीसपैकी छापायची. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते थेट १९९८ मध्ये, 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम'ला. चौघांचे मत एका पानावर शेजारी शेजारी असल्याने बेरजेआड दडलेला मतभेदही वाचकाला दिसत असे.

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' सुरू झाले आणि हा मतभेद दिसेनासा व्हायला लागला. मार्क डॉयल, त्यांची बहीण ज्युली डॉयल रॉबर्ट्स आणि जेसन डिट्झ या तिघांनी वेगवेगळ्या समीक्षकांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एकच आकडा द्यायला सुरुवात केली. कोणी पाचपैकी तारे देतो, कोणी दहापैकी गुण, कोणी अमेरिकी शाळेसारखी अक्षरश्रेणी. हे सगळे शंभरच्या मापात आणायचे: चार तारे म्हणजे ८०, 'बी' म्हणजे ७५, 'बी उणे' म्हणजे ६७. मग सरासरी काढायची. तीही सरळ नव्हे. काही प्रकाशनांच्या गुणांना जास्त वजन, काहींना कमी, आणि हे वजन किती ते जाहीर करायचे नाही. गेमसाठी ७५ आणि वर हिरवी चौकट, ५० ते ७४ पिवळी, त्याखाली लाल. या पद्धतीत आजवरचा सर्वांत वरचा आकडा ९९, तोही 'ओकारिना'चाच.

टक्क्यांवर वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रकार नवा वाटायचे कारण नाही. दहावीच्या निकालाप्रमाणे इथेही आकडा पाहिला की उत्तरपत्रिका कोणी उघडत नाही. फरक इतकाच की इथे निकालावर पगार ठरतो. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन या स्टुडिओने 'फॉलआउट : न्यू वेगास' केला. करारानुसार ८५ चा आकडा गाठला तर बक्षिसी मिळणार होती. आकडा आला ८४. एका गुणाने बक्षिसी हुकल्याचे स्टुडिओच्या ख्रिस अवेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले.

दाब समीक्षकावरही येतो. २००७ मध्ये 'गेमस्पॉट'चे जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा दिले. त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती 'गेमस्पॉट'वर झळकत होत्या. गर्स्टमन यांना नोकरीवरून काढले गेले. पुढच्या वर्षी त्यांनी 'जायंट बॉम्ब' सुरू केले. युरोपातल्या 'युरोगेमर'ने २०१५ मध्ये गुण देणेच बंद केले, आणि काही वर्षांनी पाच ताऱ्यांची पद्धत परत आणली. आकडा नको म्हणणाऱ्यालाही तो टाळता येत नाही, असा हा धंदा.

'राजी'चा निकाल

'राजी'चा आकडा सत्तरीच्या आसपास थांबला, म्हणजे पिवळ्या चौकटीत. बाजाराच्या भाषेत 'संमिश्र'. पण आकडा बाजूला ठेवून मजकूर वाचला, तर समीक्षकांचे आश्चर्यकारक एकमत दिसते. कौतुक बहुतेक सगळ्यांनी त्याच गोष्टींचे केले: वास्तुरचना, रंग, संगीत, भित्तिचित्रांसमोर थांबून देवांची कथा ऐकण्याची कल्पना. दोषही बहुतेकांनी तेच दाखवले.

त्यातले तीन महत्त्वाचे. पहिला लढाईचा. राजी खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवरून धावून उलटी उडी मारते आणि त्रिशूल फिरवते, तेव्हा डोळ्याला हे सुरेख दिसते. पण एकदा वार सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत ती दुसरे काही करू शकत नाही, आणि तेवढ्यात मागून फटका बसतो. खेळणाऱ्याला वाटते, आपले बोट वेळेवर पडले होते, गेमनेच ऐकले नाही. दुसरा कॅमेऱ्याचा. तो खेळणाऱ्याच्या हातात नाही, ठरलेल्या जागेवरून पाहतो. त्यामुळे महाल भव्य दिसतो, राजी मात्र मुंगीएवढी होते, आणि उडी मारायची कड नेमकी किती पुढे आहे याचा अंदाज चुकतो. तिसरा शेवटाचा. चार-पाच तासांत गेम संपतो, आणि तोही गोष्ट रंगात आली असताना तुटल्यासारखा. स्विचवर चित्र धूसर दिसते, ही तक्रार वेगळी.

यातला एकही दोष 'भारतीय गेम म्हणून सांभाळून घ्या' या सबबीखाली झाकण्यासारखा नव्हता, आणि समीक्षकांनी झाकलाही नाही. आपल्याकडे काहींना हे गुण कंजूष वाटले. पण ज्याने खिशातले पैसे मोजून गेम घेतला, त्याला गेमसाठी कोणी घर विकले होते की नाही याच्याशी कर्तव्य नसते, आणि समीक्षक त्याच्या बाजूने उभा असतो. पुण्यातल्या गेमला क्योटो आणि लॉस एंजेलिसच्या गेमच्याच फूटपट्टीने मोजले गेले, यात खरे तर मान होता.

याच समीक्षक-मंडळींनी वर्षअखेरीस 'राजी'ला दुसरी पावती दिली. 'द गेम अवॉर्ड्स' या पुरस्कारांची नामांकने जगभरच्या प्रसारमाध्यमांच्या परीक्षक मंडळाकडून ठरतात, आणि विजेता ठरवताना त्या मंडळाच्या मताला ९० टक्के, लोकांच्या मताला १० टक्के वजन असते. २०२० च्या सर्वोत्तम पदार्पणाच्या पाच नामांकनांत 'राजी' होता. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. ज्यांनी सरासरीत सत्तरीच्या आसपास गुण दिले, त्यांच्याच वर्तुळातून त्याला वर्षातल्या पहिल्या पाच पदार्पणांत बसवले गेले. यात विसंगती नाही. एक प्रश्न हा गेम आज विकत घ्यावा का, असा होता. दुसरा, हे लोक पुढे काही करतील का, असा.

पुन्हा टेबलावर

स्टुडिओने आकड्यावरून हुज्जत घातली नाही. पुढे सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात लढाईवर नव्याने हात फिरवला, दृश्यांची बाजू सुधारली, आणि मूळ इंग्रजी आवाजांच्या जोडीला हिंदी आवाज आले. दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलतात हे ऐकताना आपल्याकडच्या खेळणाऱ्याला जे अवघडल्यासारखे होत होते, ते त्यामुळे गेले. गेम नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेमांतही गेला, म्हणजे कन्सोल नसलेल्यांच्या हातातही पडला. आणि 'राजी : कलियुग' या पुढच्या गेमची घोषणा करून, तुटलेली गोष्ट पुढे नेण्याचे स्टुडिओने जाहीर केले आहे.

समीक्षकांनी बोट ठेवले तिथेच काम झाले. सत्तरीतले गुण आणि शंभर शब्दांतला नेमका दोष, यांतला दुसरा भाग स्टुडिओच्या उपयोगी पडला. आकड्याने काय बिघडले हे कळत नाही. कॅमेरा कुठे चुकतो हे वाक्यातूनच कळते.

आपल्या बाजूची रिकामी जागा

या सगळ्या वाटचालीत मराठी समीक्षक कुठे होता? भारतात गेमवर लिहिणे नवे नाही. मुंबईतून २००१ मध्ये सुरू झालेल्या 'डिजिट' मासिकाच्या घरातूनच 'स्कोअर' हे गेमला वाहिलेले नियतकालिक निघाले. पुढे 'आयजीएन'चीही भारतीय आवृत्ती आली. पण हे सारे इंग्रजीत. मराठीत नाटकाची समीक्षा शतकाहून जुनी आहे, शुक्रवारी आलेल्या सिनेमाला रविवारच्या आत तारे मिळतात. गेमच्या वाट्याला येतात त्या 'मुले बिघडतात' छापाच्या बातम्या.

परदेशी समीक्षकाला दुर्गा कोण, त्रिशूल काय, इथपासून वाचकाला सांगावे लागते. वेरूळच्या कैलास लेण्यापासून तीस किलोमीटरवर वाढलेल्या मुलाला ते सांगावे लागणार नाही. तो थेट विचारेल: हा खांब राजस्थानचा आणि ही कमान कुठली, दोन्ही एका वाड्यात का? पहाडी चित्रातली सपाटी त्रिमितीत आणताना काय हरवले? देवांच्या तोंडी घातलेली थट्टा जमली की ओढून आणली? हे प्रश्न कोणत्याही सरासरीत येणार नाहीत, आणि स्टुडिओला त्यांची गरज आहे.

त्यासाठी लागणारी माती आपल्या शहरात आहे. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात फिप्रेस्की या जागतिक समीक्षक संघटनेचे परीक्षक येऊन बसतात, म्हणजे समीक्षा हे काम आहे हे या शहराला ठाऊक आहे. विद्यापीठात नाट्यशास्त्र आणि पत्रकारिता शिकवली जाते, एमजीएममध्ये चित्रपटकला. आणि तासाच्या भाड्याने प्लेस्टेशन देणाऱ्या पार्लरांत, कुठला गेम कुठे फसला हे चोख सांगणारी मुले बसलेली असतात. त्यांचे बोलणे कोणी कागदावर उतरवून घेत नाही, इतकेच.

तेव्हा महाविद्यालयांच्या वार्षिकांकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना सांगणे एकच. एका गेमची समीक्षा छापा. लिहिणाऱ्याने तो शेवटपर्यंत खेळलेला असावा, कोणत्या यंत्रावर खेळला ते सांगावे, गेम फुकट मिळाला असेल तर तेही लपवू नये, आणि दोष दाखवताना नेमकी जागा दाखवावी. गुण द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी द्यावेत. 'राजी : कलियुग' येईल तेव्हा त्याच्यावर पहिले चांगले लिखाण मराठीत व्हायला हरकत काय?