मे नाक फ्रा खनोंग

मे नाक फ्रा खनोंग हे थायलंडच्या लोककथांमधील सर्वांत प्रसिद्ध स्त्रीपिशाच आहे. 'मे' म्हणजे थाई भाषेत आई. ही कथा १९व्या शतकात बँकॉकजवळच्या फ्रा खनोंग येथे घडली, असे मानले जाते.

पती माक सैन्यात गेला असताना गर्भवती नाक प्रसूतीच्या वेळी बाळासह मरण पावली. पोटातील बाळासह मेलेल्या स्त्रीचे भूत थाई लोकसमजुतीत विशेष भयंकर मानतात; एका देहात दोन आत्मे असतात, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. परतलेल्या माकला मात्र पत्नी व मूल जिवंतच दिसले. एकदा खांबांवरील घराच्या फटीतून लिंबू खाली पडले, तेव्हा नाकने हात लांबवून ते उचलले आणि माकला सत्य उमगले. तो पळून बौद्ध मंदिराच्या आश्रयाला गेला. चिडलेल्या नाकने गावात उच्छाद मांडला. अखेर सोमदेत तो (१७८८–१८७२) या भिक्षूने तिला शांत केले, असे एका प्रचलित पाठात सांगतात.

आज बँकॉकमधील वात महाबुत मंदिराच्या आवारात तिचे देवस्थान आहे. भाविक तिला वस्त्रे आणि बाळासाठी खेळणी अर्पण करतात. सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटका व्हावी, असा नवसही तिला बोलतात. तिचा संसार सैन्यानेच मोडला होता. या कथेवरील 'नांग नाक' (१९९९) आणि विनोदी 'पी माक' (२०१३) हे चित्रपट अत्यंत लोकप्रिय ठरले.