फाटलेली पुंगळी

1857च्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यानंतर आलेल्या पितळी काडतुसाकडे मात्र आपल्या इतिहासलेखकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक मुंबई फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्याचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. मराठे आणि महार शिपायांच्या या मुलखात पेन्शनरांची गावेच्या गावे होती. दापोली हे तर त्यांचे ठाणेच.

बंडानंतर सरकारने एक अलिखित दंडक पाळला: देशी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागची बंदूक असावी. 27 जुलै 1880 रोजी मैवंदच्या लढाईत 66व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती आणि शेजारी लढणाऱ्या मुंबई फौजेच्या दोन देशी पलटणींकडे जुनी स्नायडर.

गंमत अशी, की त्या नव्या बंदुकीचेच काडतूस दगा देणारे निघाले. बॉक्सर पद्धतीची ही पुंगळी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला वेगळे लोखंडी बूड जोडून बनवीत. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. लगेच किंचित आकसते, म्हणून बाहेर ओढता येते. परंतु नळी तापली आणि चेंबरमध्ये दारूची काजळी साठली, की पत्रा आतच धरून राही व खेचणाऱ्या आकड्याबरोबर नुसते बूड हाती येई. 17 जानेवारी 1885 रोजी सुदानात अबू क्लेआ येथे महदीचे सैनिक ब्रिटिशांच्या चौकोनात घुसले, तेव्हा अनेक बंदुका अशाच अडल्या होत्या. त्याच वर्षी एकसंध, ओढीव पितळेची पुंगळी स्वीकारली गेली.

पितळ सुधारले तरी एक दोष उरतोच, आणि तो बंदुकीचा असतो. काडतुसाचे बूड आणि त्याला मागून टेकणारा बोल्ट यांना जी जागा ठेवलेली असते तिला हेडस्पेस म्हणतात. ती झिजेने वाढली, की पुंगळीची भिंत पुढे घट्ट धरलेली राहते, बूड मात्र बोल्टला भिडेपर्यंत मागे रेटले जाते; मधले पितळ ताणून बुडाच्या किंचित पुढे फाटते. पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो, तापलेला वायू तोंडावर येऊ शकतो. पुढे आलेल्या ली-एनफिल्डमध्ये ही मोजणी बुडाच्या कडेपाशी, इंचाच्या हजाराव्या भागांत होई, आणि फट वाढल्यास आर्मरर वेगळ्या क्रमांकाचे, किंचित लांब बोल्ट-डोके बसवी. शिपायाला नुसत्या डोळ्यांनी यातले काही कळणे शक्य नव्हते. जीव त्याचा, मापे घेणारा दुसराच.

गोऱ्या पलटणींना ली-मेटफर्ड मिळू लागल्यावर, म्हणजे 1888 नंतर, मार्टिनी देशी पलटणींकडे सरकली. तीही एकसंध पुंगळीसह. विश्वासार्ह काडतूस एकदाचे कोकणी शिपायाच्या कमरपट्ट्यात आले म्हणावे, तर 1892-93च्या सुमारास ‘लढवय्या जातीं’चे तत्त्व पुढे करून महारांची भरतीच थांबविण्यात आली. स्नायडरच्या काळात चाललेली माणसे चांगली बंदूक येताच अपात्र ठरली! या निर्णयाविरुद्ध सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये विनंतिपत्र तयार केले. त्यात मागणी बंदुकीची नव्हती. पलटणीत पुन्हा घ्या, एवढीच होती.