दारू सुटते आणि पुन्हा सुरू होते, असं वारंवार का होतं? चौथ्यांदा केंद्रात पाठवण्याआधी हे वाचा

श्रावण लागला की महाराष्ट्रात दारू सोडणाऱ्यांची लाटच येते. आदल्या दिवशी गटारी जोरात होते आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबही नाही. गणपती उठले की अनेकांची बाटली पुन्हा उघडते. या काळात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "मी श्रावणात घेत नाही, म्हणजे मला व्यसन नाही. मनात आणलं तर कधीही सोडू शकतो."

यातला 'सोडू शकतो' हा भाग खोटा नसतो. व्यसन जडलेली माणसं दारू सोडतातच, आणि अनेकदा सोडतात. कुणी माळ घालून, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, कुणी केंद्रात महिनाभर राहून. अवघड जातं ते न पिता राहणं. तीन-तीनदा केंद्रात जाऊन आलेला माणूस चौथ्यांदा पितो, तेव्हा घरचे म्हणतात, "याला सुधारायचंच नाही." पैसे संपलेले असतात, दागिने मोडलेले असतात, नातेवाइकांनी फोन उचलणं बंद केलेलं असतं. त्यामुळे घरच्यांचा हा राग समजण्यासारखा आहे. पण निदान म्हणून तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

पुन्हा पिणं किती कॉमन आहे?

अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली एक गाजलेला लेख आला होता. व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा वापराकडे वळतात, असं त्यात मांडलं होतं. लेखकांनी शेजारी दुसरे आजारही ठेवले होते. उच्च रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांमध्ये त्रास पुन्हा उफाळून येण्याचं प्रमाण वर्षाला ५० ते ७० टक्के होतं. बीपीच्या पेशंटने गोळ्या थांबवल्या आणि बीपी वाढलं, तर आपण त्याला नालायक म्हणत नाही. डॉक्टर औषध बदलतात, डोस बदलतात, पुढची तारीख देतात.

मग कितीदा प्रयत्न करावा लागतो? याचंही उत्तर आहे. दारू किंवा ड्रग्जच्या समस्येतून बाहेर पडलेल्या अमेरिकी लोकांच्या देशव्यापी पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर प्रयत्नांची सरासरी पाचच्या थोडी वर निघाली, पण मध्यक होता फक्त २. म्हणजे निम्म्या लोकांचं काम दोन किंवा त्याहून कमी प्रयत्नांत झालं आणि काहींना खूपच जास्त प्रयत्न लागले, ज्यामुळे सरासरी वर गेली. तुमच्या घरचा माणूस या दुसऱ्या गटातला असू शकतो. त्याच्यासारखे कितीतरी लोक पुढे बरे झाले, म्हणून तर ते या पाहणीत आहेत.

(या लेखात 'तो' म्हटलंय, कारण आपल्याकडे उपचाराला येणारे बहुतांश पुरुष असतात. बायकाही पितात. लाजेपोटी त्या केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

घोट घेतला त्या दिवशी काही सुरू झालेलं नसतं

रिलॅप्स म्हणजे पहिला पेग, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याची सुरुवात काही दिवस, कधी काही आठवडे आधी झालेली असते. आधी झोप बिघडते. चिडचिड वाढते. "मीटिंगला आज नको, पुढच्या आठवड्यात जातो" सुरू होतं. गोळ्या चुकायला लागतात. मग जुन्या मित्राला 'सहज' फोन होतो. डोक्यात हिशेब चालू होतो की एखादी बिअर घेतली तर काय बिघडतं, बिअर म्हणजे काही दारू नाही. शेवटी पावलं बारकडे वळतात, तेव्हा घरच्यांना वाटतं की हे अचानक घडलं.

ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर अनेक वर्षं काम केलं. पुन्हा सुरू होण्याची कारणं त्यांनी गोळा केली, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश प्रसंग तीनच गोष्टींभोवती फिरत होते : मनाची वाईट अवस्था, जवळच्या माणसाशी भांडण आणि लोकांचा आग्रह. आपल्याकडे हा तिसरा प्रकार काय असतो, ते वेगळं सांगायला नको. हळदीचा कार्यक्रम, वरात, ३१ डिसेंबर, धुळवड, आणि "आज तरी घे रे, भावाचं लग्न आहे."

मार्लाट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते या विषयातली ती सगळ्यात उपयोगी आहे. एकदा घसरल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर पुढचं बरंच ठरतं. "सहा महिने वाया गेले, मी असाच आहे, आता काय फरक पडतो" असं वाटलं की एका पेगची बाटली होते आणि बाटलीचे पंधरा दिवस होतात. इथे घरच्यांचं बोलणंही त्याच दिशेने ढकलतं, कारण ते नेमकं हेच म्हणत असतात : "गेले ना सगळे पैसे पाण्यात!" सहा महिने न पिता राहिलेलं शरीर आणि त्या काळात शिकलेल्या गोष्टी एका संध्याकाळीत पुसल्या जात नाहीत. एका रात्रीची चूक आणि पूर्ण रिलॅप्स यांच्यामध्ये काही तास असतात, कधी एखाद-दोन दिवस असतात. मदत तेवढ्यातच पोहोचायला हवी.

केंद्रातून तो थेट त्याच गल्लीत येतो

व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिलं जातं. ते हेरॉइनचं आहे, दारूचं नाही, पण मुद्दा लागू पडतो. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग घेतला. तिकडे असताना साधारण २० टक्के सैनिक व्यसनाच्या विळख्यात होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. यामागे एकच कारण नव्हतं, पण एक मोठी गोष्ट उघड होती : ज्या जागेशी, ज्या सोबत्यांशी आणि ज्या ताणाशी ते व्यसन जोडलेलं होतं, ते सगळं मागे राहिलं होतं.

आपल्या पेशंटचं बरोबर उलटं होतं. दारू सुटते ती केंद्रात, जिथे ठरलेल्या वेळी जेवण, योगासनं, गटचर्चा असते आणि खिशात पैसे नसतात. महिनाभराने तो परततो तो त्याच चौकात, त्याच कर्जात, त्याच रिकाम्या संध्याकाळीत. मेंदूने वर्षानुवर्षं 'सात वाजले, टपरी, मित्र, दारू' ही साखळी पाठ केलेली असते. ती महिनाभरात विस्मरणात जात नाही. झोप सुधारायलाही कित्येकांना महिने लागतात.

म्हणूनच पुण्याच्या मुक्तांगणसारख्या जुन्या केंद्रांकडे पाहताना मुक्कामाच्या दिवसांपलीकडे बघायला हवं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. निवासी उपचार ३५ दिवसांचे, पण बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट हाही त्या कामाचा भाग राहिला. आपण मात्र ३५ दिवसांचे पैसे भरतो, पेशंट घरी आणतो आणि "झालं आता" म्हणून सुटतो.

घरी आल्यानंतरचा काळ किती लांब धरायचा? अमेरिकेत आठ वर्षं चाललेल्या एका अभ्यासात, न पिता वर्षही न झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकच पुढचं वर्ष टिकले. तीन वर्षं ओलांडलेल्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे पहिलं वर्ष सगळ्यात निसरडं. सगळा जोर तिथे लावायचा.

मग टिकणारा आधार कुठे मिळतो?

सुरुवात डॉक्टरपासून. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर थरथर, फिट, भ्रम असे त्रास होऊ शकतात आणि वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. वारंवार सोडणं-धरणं झालेल्यांमध्ये हे त्रास दर वेळी जास्त तीव्र होण्याचा धोका असतो. त्यामुळे "मागच्या वेळी घरीच सोडली होती, काही झालं नाही" हा दाखला यंदा उपयोगाचा नाही. हीच गोष्ट श्रावणाच्या पहिल्या दिवशी झटक्यात सोडणाऱ्यांनाही लागू आहे.

मानसोपचारतज्ज्ञाला आणखी एक प्रश्न विचारा : दारूच्या खाली दुसरं काही आहे का? नैराश्य, बायपोलर, जुना मानसिक आघात, कायमची निद्रानाशाची तक्रार. प्रत्येक रिलॅप्सची गोष्ट सारखीच असेल तर हे तपासून घ्यायलाच हवं. मुळातला आजार तसाच ठेवून केंद्राच्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही.

ओढ कमी करणारी औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही त्यातली दोन नावं. यकृत आणि मूत्रपिंडाची स्थिती बघून डॉक्टर ठरवतात. बऱ्याच कुटुंबांना ही औषधं माहीतच नसतात. माहीत असते ती एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात : 'न सांगता दारू सोडवा'. अशा पुड्यांमध्ये काय असतं हे कुणालाच कळत नाही. काही घरांत डायसल्फिरामची गोळी गुपचूप जेवणात मिसळली जाते. ती पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असा प्रकार होतो आणि हृदयविकार असलेल्याच्या जिवावर बेततं. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

दुसरा आधार माणसांचा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. महाराष्ट्रात त्याच्या मराठी मीटिंगही होतात. फी नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. गोल बसायचं, ज्याला बोलायचं तो बोलतो. 'हे काय कीर्तन आहे' असं अनेकांना पहिल्यांदा वाटतं. पण २०२० मध्ये कॉक्रेनने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर लोकांची माहिती तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याच्याशी जोडून देणारे ठरावीक पद्धतीचे उपचार हे इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस दिसले. तिथला सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते अगदी साधा आहे. रात्री दहाला ओढ लागली तर ज्याला फोन करता येईल असा, स्वतः त्यातून गेलेला माणूस मिळतो. एए मानवत नसेल तर समुपदेशक, केंद्राचा पाठपुरावा गट, काहीही चालेल. पण आठवड्याची ठरलेली वेळ हवी.

घरच्यांनी काय बदलायचं?

तो पितो तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. समजूत, भांडण, ऑफिसला खोटा फोन, उधारी फेडणं. तो पीत नाही तेव्हा मात्र कुणी नीट बोलत नाही, उलट तोंडाचा वास घेतला जातो. 'क्राफ्ट' नावाची कुटुंबांसाठीची पद्धत हे उलटं करायला सांगते : न पिता आलेल्या संध्याकाळी सोबत जेवा, गप्पा मारा, आणि प्यायला असेल तर वाद न घालता बाजूला व्हा, त्याच्या चुका झाकू नका. १९९९ च्या एका अभ्यासात उपचाराला नकार देणाऱ्यांपैकी ६४ टक्के या पद्धतीमुळे उपचाराला तयार झाले. सगळ्यांनी घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं.

घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. पेशंट येत नसला तरी तुम्ही जाऊ शकता. आणि घरात मारहाण होत असेल तर समजूतदारपणाचे हे सगळे सल्ले बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागा. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन नंबर आहे.

नवं केंद्र निवडताना खोल्या आणि गार्डनचे फोटो बघण्यापेक्षा चार गोष्टी विचारा. विथड्रॉवलच्या काळात डॉक्टर असतात का? घरच्यांचं समुपदेशन होतं का? डिस्चार्जनंतर पहिली अपॉइंटमेंट कधीची, आणि तो आला नाही तर फोन कोण करतं? '१०० टक्के गॅरंटी' असा बोर्ड असेल तर परत फिरा. मारहाण किंवा साखळीने बांधणं 'उपचार' म्हणून खपवलं जात असेल तर तिथून पेशंटला बाहेर काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि साखळीने बांधायला या कायद्याने बंदी आहे.

एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. त्यामुळे तुमचा माणूस तीनदा केंद्रात जाऊन आला असेल, तर तो बाकीच्या ३७ जणांपेक्षा पुढे आहे.

तो आज पुन्हा प्यायला असेल, तर आज रात्री भाषण नको. तो बेशुद्ध असेल, श्वास मंद असेल किंवा फिट आली असेल तर लगेच १०८ ला फोन करा. नाहीतर त्याला एका कुशीवर झोपवा आणि लक्ष ठेवा. उद्या सकाळी, तो शुद्धीवर असताना, एकच प्रश्न विचारा : मागचे पंधरा दिवस कसे गेले? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊन दोघं डॉक्टरकडे जा. कुठे जायचं हे माहीत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत आहेत, आणि पेशंटने नकार दिला तरी घरच्यांनी फोन केला तर चालतो.