रेडिओची कळ आणि १९४८ चा सप्टेंबर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरहून हैदराबादच्या रोखाने निघाली, तेव्हा बिदर व गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्याच राज्यात होते. खरे वर्तमान रेडिओच्या कळी फिरवूनच हाती येई. एका कळीने पट्टा निवडावयाचा, दुसरीने काटा हैदराबादवरून लघुलहरींवरील दिल्लीकडे न्यावयाचा. या लहरी आकाशातील विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. म्हणूनच आवाज चढतो, उतरतो. शिवाय काटा केसभर सरकला तरी केंद्र हरवते. आवाजाची कळ बहुधा खालीच राहत असावी. शेजाऱ्यांचे कान तिखट! मात्र १७ तारखेस निजामांनी युद्धबंदी जाहीर केली, ती हैदराबादच्याच केंद्रावरून. त्या सायंकाळी काटा हलविण्याचे कारणच उरले नाही.